पिवळ्या सरड्याचा इतिहास

"काका, सरडा उंच होता की बुटका?"

"होता."

"होता म्हणजे? उंच की बुटका?"

"दोन्ही होता. टाईप कर."

शनिवारी सकाळी अर्विंगच्या त्या घरात आमचे असले संवाद चालायचे. माझे घरमालक डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या मारत मराठीत सांगायचे आणि मी लॅपटॉपवर इंग्रजीत उतरवून घ्यायची. विषय होता मेक्सिकन कुस्तीचा एक वार्षिक शो आणि त्याचा पहिल्यापासूनचा इतिहास. नागपूरचा एक निवृत्त सॉफ्टवेअर टेस्टर टेक्ससात बसून मेक्सिकन लोकांच्या मुखवटे घालून खेळायच्या कुस्तीचा इतिहास का लिहितो, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. आज समजलंय असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत दोन वर्षं राहिले. नवरा सनीव्हेलला, माझं कॉन्ट्रॅक्ट अर्विंगला, असा आमचा संसार तेव्हा विमानाने ये-जा करत चालला होता. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी माझी एकच चौकशी केली. "तिखट खाते का?" खाते म्हटल्यावर त्यांनी तर्री पोह्यांची बशी पुढे ठेवली. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. काका समाधानाने म्हणाले, "खोटं बोलते, पण चिवट आहे. राहा."

माणूस घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ऑफिसची निळी दोरी गळ्यात असायची, फक्त तिला आता कार्डाऐवजी घराची किल्ली लटकवलेली. कुकरच्या शिट्ट्या ते वहीत लिहायचे. कुठल्या दिवशी, कुठली डाळ, किती शिट्ट्या, आणि शेवटच्या रकान्यात "पास" किंवा "फेल". मीही पेशाने टेस्टरच, त्यामुळे मला ते सगळं थोडं हास्यास्पद आणि थोडं ओळखीचं वाटायचं. नोकरीत असताना नव्या पोरांना ते म्हणे सांगायचे, "चूक शोधणं सोपं आहे बाप्पा. ती चूक आहे का हे शोधणं कठीण."

मेक्सिकन लोकांशी काका सरळ नागपुरी मराठीत बोलायचे. टॅको विकणाऱ्या गाडीसमोर उभं राहून "कमून भाऊ, आज कांदा कमी टाकून राहिला?" असं विचारायचे आणि तो माणूस स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक सांगून कांदा वाढवायचा. मी बाजूला उभी राहून दोघांच्या तोंडांकडे बघायची. हे कसं चालतं, मला कधीच कळलं नाही.

काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मिशिगनमध्ये ट्रॉयला, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. इथेच जन्मलेला, सरळ मनाचा, वडिलांची काळजी करणारा. त्याचं एकच म्हणणं होतं की बाबांनी हे घर विकून ट्रॉयला यावं. काकांचंही एकच म्हणणं होतं की ते येणार नाहीत. "ट्रॉयले काय आहे? बर्फ आहे. इथं माझं काम चालू आहे." दर रविवारी फोनवर हा सामना व्हायचा आणि दर रविवारी बरोबरीत सुटायचा. काकांना त्या घरातून हलायचं नव्हतं. बाकी त्यांना आयुष्याकडून काही मागायचं होतं असं मला दिसलं नाही.

काम म्हणजे हा इतिहास. त्याची सुरुवात गारपिटीपासून झाली. मी यायच्या दोन वर्षं आधी वसंतातल्या एका वादळात लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि काकांचं छत चाळणीसारखं झालं. छत बदलायला मेक्सिकन कामगारांची टोळी आली. टोळीचा मुकादम बुटका, रुंद, साठीचा. त्याचा डावा कान मोडून कोबीच्या गड्ड्यासारखा झालेला. काकांनी तो कान पाहिला आणि शिडीखाली उभं राहून विचारलं, "पैलवान का?" काकांच्या मामाचा कान तसाच होता. सावनेरच्या आखाड्यात मोडलेला. मुकादम शिडीवर थांबला, हसला आणि कानाला हात लावला. दुपारी ती सगळी टोळी काकांच्या गॅरेजमध्ये बसून तर्री पोहे खात होती आणि तिखटाचं कौतुक करत होती. सप्टेंबरात मुकादमाने काकांना शोला नेलं.

शो वर्षातून एकदा, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाजवळच्या रविवारी, भर दुपारी, जुन्या बाजाराच्या मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये व्हायचा. शो चालवणारी बाई ऐंशीच्या पुढची. सगळे तिला मान देऊन बोलायचे, मी तिला मनातल्या मनात मालकीणबाई म्हणायची. पहिल्या वर्षी काकांनी तिला साधा प्रश्न विचारला की हा कितवा शो. ती म्हणाली बाविसावा. मुकादम म्हणाला सव्विसावा. मक्याचे दाणे विकणारी बाई म्हणाली तिच्या लग्नाच्या वर्षी सुरू झाला, पण लग्न कधी झालं ते तिला सांगता येईना. काका घरी आले ते रागावूनच.

"इतकी वर्षं शो होऊन राहिला अन् एका कागदावर नाही?" हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल. "ज्यांचं लिहिलेलं नसतं नं पोरी, त्यांचं दुसरेच लिहितात, अन् वाटेल तसं लिहितात. आपल्याले माहीत आहे ते." हे 'आपल्याले' म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. एप्रिलमधल्या जयंतीला भाड्याच्या हॉलमध्ये महाराष्ट्रातली दीडदोनशे बौद्ध माणसं जमायची. तिथे दरवर्षी कोण बोललं, काय बोललं, किती पोरं पहिल्यांदा स्टेजवर आली, याचीही काकांनी वही ठेवलेली होती. त्यांच्या घरात त्यांच्या आजोबांचा एक कागद नव्हता, एक फोटो नव्हता. एवढं मला समजत होतं. पण मग आजोबांचं लिहायचं सोडून सरड्याचं का?

पिवळा सरडा हा त्या शोचा नायक. पिवळा मुखवटा, पाठीवर हिरवे खवले शिवलेला अंगरखा. मी काकांबरोबर पाहिलेल्या पहिल्याच शोला त्यांनी मला मुखवट्याची गोष्ट समजावली. आपल्याकडे पागोट्याची जशी अब्रू, तशी यांच्याकडे मुखवट्याची. मोठ्या कुस्तीत दोघे मुखवटे पणाला लावतात. जो हरेल त्याने सगळ्यांसमोर मुखवटा काढायचा, आपलं खरं नाव सांगायचं, गाव सांगायचं. त्यानंतर तो मुखवटा त्याला जन्मात घालता येत नाही. सरडा दरवर्षी मुखवटा पणाला लावायचा आणि आजवर एकदाही हरला नव्हता. त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता.

त्या दिवशी रिंगमधल्या खलनायकाने पंचाची नजर चुकवून सरड्याच्या डोळ्यांत काहीतरी पूड फेकली. काका खुर्चीवर उभे राहिले आणि ओरडले, "अबे, लाज नाही वाटत का बे? पंच काय झोपून राहिला?" आजूबाजूच्या चारपाच मेक्सिकन आज्यांनी त्यांना स्पॅनिश शिव्यांची साथ दिली. मी काकांच्या शर्टाची बाही ओढली. "काका, हे सगळं आधी ठरवलेलं असतं ना?"

काका खाली बसले आणि माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाले, "तुझं लग्न ठरवून झालं नं?"

"हो."

"मग खोटं आहे का ते?"

मी त्यांची बाही सोडली. 

आता त्या टाईप करण्याबद्दल. इतिहास पुस्तिकेच्या रूपात पुढच्या सप्टेंबरच्या शोला वाटायचा होता. मालकीणबाईंची नात त्याचं स्पॅनिश करणार होती. काकांनी तोवर पन्नासेक लोकांना भेटून आठ वह्या भरल्या होत्या. सरडा सोडून बाकी सगळं चोख. हॉलचं छत कधी गळलं, रिंगची फळी कुठल्या वर्षी मोडली, कुठल्या पैलवानाची बायको रिंगमध्ये चढून प्रतिस्पर्ध्याला चपलेने बडवून आली, सगळं तारीखवार. पण सरड्यापाशी आलं की गाडी रुळावरून उतरायची. चौथ्या पानावर सरडा इतका उंच की त्याचं डोकं हॉलच्या पंख्याला लागलं. नवव्या पानावर इतका बुटका की दोराखालून सरपटत रिंगमध्ये शिरला. पंधराव्या पानावर डावा खांदा निखळला, डॉक्टर म्हणाले हात आता वर जाणार नाही. सोळाव्या पानावर त्याच हाताने शंभर किलोचा माणूस डोक्यावर उचलला. विसाव्या पानापासून पाय ओढत चालायला लागला आणि तेविसाव्यावर उडी मारून दोर ओलांडला.

"काका, यातलं एक काहीतरी ठेवू या."

"काहून?"

"वाचणाऱ्याला काय कळणार?"

"ज्याले कळायचं त्याले कळेल. टाईप कर."

तुम्हाला कदाचित एवढ्यातच कळलं असेल. मला कळलं नाही. माझ्या डोक्यात एक मुखवटा म्हणजे एक माणूस, एवढं पक्कं बसलं होतं. आणि दुसरंही काहीतरी डोक्यात शिरलं होतं.

कारण त्याच हिवाळ्यात काका विसरायला लागले होते. निदान मला तसं वाटत होतं. एकदा गॅसवर दूध ठेवून बागेत गेले आणि पातेलं जळून काळं झालं. एकदा गाडी घेऊन इंडियन ग्रोसरीला गेले आणि कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन चालत परत आले. गाडी तिकडेच. विचारलं तर म्हणाले, "हवा चांगली होती." एकदा मला काकूंच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली, त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. यातली कुठली गोष्ट म्हातारपण, कुठली विक्षिप्तपणा आणि कुठली आजार, ते मी रोज नव्याने ठरवायची आणि रोज माझं मत बदलायचं.

फेब्रुवारीत मुलाचा मला फोन आला. तो मला ताई म्हणायचा, आणि मराठीतला तेवढा एक शब्द अगदी बिनचूक उच्चारायचा. "ताई, बी ऑनेस्ट विथ मी. इज ही ओके?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. तो म्हणाला, तू त्यांच्याबरोबर राहतेस, तुला जे दिसतं ते लिहून पाठव. आणि मग मी जे केलं ते फक्त आमच्याच धंद्यातलं माणूस करू शकतं. मी बग रिपोर्ट लिहिला. एक्सेल उघडून रकाने पाडले. घटना, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, गंभीरता. दूध, गाडी, काकूंचं नाव. ही तीनच झाली, म्हणून मग सरडा घातला. चौथं पान, नववं पान, पंधरावं, सोळावं. अपेक्षित: एक माणूस, एक उंची. प्रत्यक्ष: सांगणाऱ्याला विसंगती दाखवूनही ती लक्षात येत नाही. गंभीरता: हाय. सगळ्या मिळून अकरा ओळी झाल्या आणि त्यांतल्या आठ सरड्याच्या होत्या. पाठवताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. एका गोंधळाला मी नीट रकान्यांत बसवलं होतं.

मार्चमध्ये मुलगा आला. काकांना स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं. काकांनी घड्याळाचं चित्र अचूक काढलं, पाच शब्दांपैकी दोन विसरले. डॉक्टर म्हणाले, आत्ताच नक्की सांगता येत नाही, घरच्यांनी लक्ष ठेवा. म्हणजे निकाल पुन्हा बरोबरीतच. घरी आल्यावर मुलाने डायनिंग टेबलावर माझा रिपोर्ट ठेवला. तो मी लिहिलाय हे काकांनी फॉरमॅटवरूनच ओळखलं असणार. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग चष्मा लावून अकराही ओळी वाचल्या.

"बाबा, दूध अँड द कार, फाइन. एनीबडी फरगेट्स. बट धिस." मुलाने सरड्याच्या ओळींवर बोट ठेवलं. "जस्ट एक्स्प्लेन धिस टू मी. उंच आहे, बुटका आहे. हू इज धिस गाय? तुम्ही मला सांगितलं तर आय विल गो बॅक. आय प्रॉमिस. पुन्हा ट्रॉयचं नाव नाही काढणार."

 टेबलावरची मिठाची बाटली काकांनी उचलली, खाली ठेवली.  मला मनापासून वाटत होतं की त्यांनी काहीतरी सांगावं, काहीही, थाप मारली तरी चालेल. मुलाने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला. "यू डोन्ट रिमेंबर, डू यू?"

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

काकांनी ट्रॉयला जायचं मान्य केलं आणि एप्रिलअखेर घर विकलं गेलं. मी जवळच एका अपार्टमेंटमध्ये गेले. निघायच्या दिवशी काकांनी आठही वह्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "पुस्तिका वेळेवर झाली पाहिजे." मी रडायला लागले. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "रिपोर्ट चांगला होता. रकाने बरोबर पाडले." ते टोमणा मारत होते की खरंच कौतुक करत होते, तेही मला कळलं नाही. गाडीत बसताना गळ्यातल्या निळ्या दोरीला किल्ली नव्हती. त्यांनी दोरी मात्र काढली नव्हती.

सप्टेंबरात छापलेल्या पुस्तिकांची दोन खोकी घेऊन मी एकटीच हॉलवर गेले. शो सुरू व्हायला तासभर होता. मालकीणबाईंनी मला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. आत भिंतीला लागून एका बाकावर चार म्हातारे सरबत पीत बसले होते. एक तो छतवाला मुकादम, त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याच्या शेजारी टायरच्या दुकानाचा मालक, त्याचे गुडघे बाकाच्या बाहेर हातभर आलेले. तिसऱ्याने डावा हात मांडीवर तसाच ठेवलेला, पेला उजव्या हातात. चौथ्याच्या पायाशी काठी. आणि बाकाच्या टोकाला, कोणाचाच चेहरा नसलेला, जुना पिवळा मुखवटा.

मी खोकं खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे हातातून सुटलंच ते.

मालकीणबाई हसल्या. नात इंग्रजीत सांगायला लागली. हे सगळे कामावर जाणारे लोक. कोणाला रविवारची शिफ्ट, कोणाचं छताचं काम अडकलेलं, कोणाला मालक सोडत नाही. ज्याला त्या रविवारी सुट्टी मिळेल तो सरडा. आता मुकादमाचा पुतण्या खेळतो. शो सुरू झाला तेव्हापासून हे असंच. हॉलमधल्या लोकांना कळलं तर सरडा त्याच दिवशी संपला. बाहेरच्या एकाच माणसाला त्यांनी हे सांगितलं होतं, तेही मुखवट्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावून.

"तुला त्याने सांगितलं नाही?" मुकादमाने विचारलं.

मी मान हलवली.

"आणि तो कुठे आहे? दरवर्षी सगळ्यांच्या आधी येतो."

मग मी सांगितलं. रिपोर्ट सांगितला, टेबल सांगितलं, मुलाने तीनदा विचारलं आणि काका कसे गप्प बसले तेही सांगितलं. हे सांगितलं असतं तर ते आपल्या घरात राहिले असते, असंही मी म्हणाले. नात भाषांतर करत होती आणि करता करता थांबली.  मला इतकी लाज वाटली की मी जमिनीकडे बघत राहिले.

चौघे आपसात स्पॅनिशमध्ये बोलायला लागले. आवाज चढले. काठीवाला नाही नाही म्हणत होता. शेवटी मुकादम बाकावरून खाली उतरला, मालकीणबाईंसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने काहीतरी विचारलं. तिने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग उठून तिने स्वतः दार लावलं. मुकादम माझ्याकडे वळला. "मुलाला फोन लाव. व्हिडिओ."

मी लावला. ट्रॉयमध्ये मुलगा स्वयंपाकघरात होता. "ताई? व्हॉट्स गोइंग ऑन?"

मुकादमाने मुखवटा चढवला. मग मागची दोरी सोडून तो काढला आणि हरलेल्या पैलवानासारखं ताठ उभं राहून आपलं खरं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मुखवटा उंच टायरवाल्याकडे गेला. त्याने घातला, काढला, नाव, गाव. मग खांदेवाला, त्याला घालायला टायरवाल्याने मदत केली. मग काठीवाला, तो रडत होता. रिंगमध्ये जे इतक्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं ते त्यांनी एका अनोळखी पोरासमोर माझ्या फोनवर चारदा केलं. ती नावं मी इथे लिहिणार नाही.

मुलाला काही समजेना. "हू आर दीज पीपल?" मी धडाधड समजावलं. हेच ते. उंच, बुटका, खांदा, पाय. बाबांना सगळं आठवत होतं, त्यांनी शपथ घेतली होती म्हणून बोलले नाहीत. चूक माझी आहे, त्यांना परत आण. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली, मी खोटं सांगत नाही, खरंच दिसली. फोन घेऊन तो आतल्या खोलीत गेला. "बाबा, लुक. डू यू नो दीज गाइज?"

पडद्यावर काका आले. इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर. बारीक झाले होते. चौघे म्हातारे माझ्या खांद्यावरून पुढे वाकले, एकमेकांना ढकलत. मुखवटा मुकादमाच्या हातातच होता.

काकांनी चष्मा नीट केला. एकेकाकडे बघितलं. त्या पिवळ्या कापडाकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

"नो," काका म्हणाले. "आय डोन्ट नो दीज पीपल."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, तू तिथं काय करून राहिली? तिकडे ऊन असेल. पाणी पीत जा." आणि ते पडद्यातून बाजूला झाले.

मुलगा परत दिसला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "यू सी, ताई?" एवढंच तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

माझ्या मागे एकदम गलका झाला. चौघे म्हातारे एकमेकांना मिठ्या मारत होते. काठीवाल्याने छातीवर क्रूस काढला. मुकादमाचे गाल ओले होते आणि तो हसत होता. "बघितलंस?" तो मला हलवत म्हणाला. "घर गेलं तरी बोलला नाही! आमच्यात असा एकही नाही!" मालकीणबाईंनी दार उघडलं, बाहेर घंटा झाली आणि ते सगळे मला तिथेच सोडून पुतण्याची कुस्ती बघायला गेले.

मी बाकावर बसले. मुलाला पुन्हा फोन लावायचा होता. त्याला काय सांगायचं ते ठरवत मी बसले, आणि ते अजून ठरलेलं नाही.